त्यांच्या गळ्यात आमचं उपरणं

आज दुपारी आमच्या शहराच्या ग्रुपवर फोटो पडला. नगराध्यक्षपदाचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, कोणाला मिळाला त्याचा. व्यासपीठ, मागे बॅनर, हारतुरे, आणि मधोमध कमळाचं उपरणं घालून उभे असलेले आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याचे धाकटे साहेब. खाली ओळ होती, 'पक्ष परिवारात हार्दिक स्वागत.' मग हात जोडलेले, फुलांचे, झेंड्याचे इमोजी सुरू झाले. मध्येच कोणीतरी 'निष्ठावंतांचं काय?' एवढंच लिहिलं आणि पाच मिनिटांत ग्रुप 'फक्त ॲडमिन' झाला.

तिथे लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वाचायचंय ते वाचतील.

माझ्या यादीतले बहुतेक जण आपल्याच विचारांचे आहेत. त्यामुळे मी काँग्रेसची कधी झाले, कोणी फूस लावली, असले प्रश्न विचारू नका. आमचं घर जनसंघापासूनचं. चिन्ह दिवा होता तेव्हापासूनचं. पुरोगामी मंडळींनी खूश होऊन ही पोस्ट फिरवण्याचीही गरज नाही. हे घरातलं भांडण आहे आणि मी ते घरातल्यांशीच भांडतेय.

तर धाकटे साहेब.

डिसेंबर १९८४. इंदिराजींच्या हत्येनंतरची लोकसभा. देशभर सहानुभूतीची लाट, आणि आमच्या गावात तर कारखाना म्हणजेच काँग्रेस आणि काँग्रेस म्हणजेच कारखाना. कमळाला पोलिंग एजंट मिळेना. अण्णा बसले. माझे वडील. प्राथमिक शाळेच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकावर, सकाळपासून मतपेटीला सील लागेपर्यंत. मी आठवीत होते. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा बाकीच्या एजंटांसाठी कारखान्याच्या जीपमधून जेवण आलं होतं आणि अण्णा एकटे कोपऱ्यात मतदारयादीवर पेन्सिलीने खुणा करत होते. त्या निवडणुकीत आख्ख्या देशात पक्षाच्या किती जागा आल्या ते तुम्हाला पाठ आहे. २. अटलजी स्वतः ग्वाल्हेरला पडले.

आम्ही लोकसभा हरलो त्याचं काही नाही. आमचा ऊस राहिला.

गळीत हंगाम जोरात होता. आमचा ऊस आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, नोंद वेळेत केलेली, अण्णा कारखान्याचे सभासद. शेजारच्या बांधापर्यंत ऊसतोड टोळी आली, शेजाऱ्याचा ऊस तुटला, आणि टोळी आमचं रान सोडून पलीकडे गेली. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे ऊसनोंदी ठेवणाऱ्या माणसाला, विचारलं तर तो नजर चुकवायचा. अण्णा गट ऑफिसला गेले, मला सायकलवर पुढे बसवून. तिथे धाकटे साहेब बसले होते. तेव्हा ते विशी-पंचविशीचे असतील. वडील चेअरमन, हे ऊसतोडीचं बघायचे. अण्णांनी नम्रपणे विचारलं, आमचा नंबर कधी लागतोय. त्यांनी कागदावरून डोकं वर न काढता सांगितलं, "कमळाला सांगा की ऊस तोडायला."

ऑफिसातले सगळे हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं.

तेव्हा झोनबंदी होती. आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालायचीही सोय नव्हती. ज्यांच्या घरात ऊस नाही त्यांना सांगते, तोड न मिळणं म्हणजे काय असतं. आधी तुरा येतो, लांबून बघायला छान दिसतो. मग ऊस आतून वाळायला लागतो. अण्णांनी एक कांडं गुडघ्यावर मोडून मला दाखवलं होतं. मधोमध पांढरी दशी पडलेली, कापसासारखी. रस नाही. एप्रिलमध्ये टोळ्या बीडकडे परत गेल्या आणि आमचा ऊस उभाच. शेवटी एका गुऱ्हाळवाल्याने पडेल भावात नेला. सोसायटीचं कर्ज तसंच राहिलं. त्या वर्षी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

अण्णा काय म्हणाले असतील? काही नाही. पुढच्या निवडणुकीला परत त्याच बाकावर जाऊन बसले.

आज त्याच साहेबांच्या गळ्यात आमचं उपरणं आहे आणि पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी घरोघर स्लिपा वाटायच्या आहेत.

माझी बहीण म्हणते, चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट काय उगाळतेस, माणूस बदलतो. बदलतो, मान्य. पण हा माणूस बदलल्याचं कुणी बघितलं? मागच्या महिन्यापर्यंत हेच साहेब सभेत आपल्याला 'चड्डीवाले' म्हणत होते. त्यांनी कारखान्याच्या सभासदांची थकलेली एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला दर, दिली का? कुणाची माफी मागितली का? विचार पटला असं एक वाक्य तरी बोलले का? आजचं भाषण ऐकलं मी. 'तालुक्याच्या विकासासाठी' एवढंच. विकासासाठी चाळीस वर्षं तालुका त्यांच्याच ताब्यात होता की.

आणि आमच्या प्रभागातला तो मुलगा. नाव लिहीत नाही, त्याला त्रास नको. त्याने कोविडमध्ये ऑक्सिजनची सिलिंडरं स्वतःच्या टेम्पोतून वाहिली. नगरपालिकेच्या निवडणुका इतकी वर्षं रखडल्या, तेवढी वर्षं तो 'या वेळी नक्की' या एका शब्दावर पळत राहिला. एफआरपीसाठी कारखान्याच्या गेटवर आंदोलन केलं म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. ती केस अजून चालू आहे, अजून तारखेला जातो बिचारा. आज फोटोत तोच साहेबांना पुष्पगुच्छ देतोय. त्याचा चेहरा झूम करून बघा. मी बघितला.

आता जरा मोठं बोलते, कारण 'तुमच्या गावातलं प्रकरण आहे, वरचं नेतृत्व चांगलं आहे' हे पालुपद मी गेली काही वर्षं ऐकतेय. स्वतःलाही ऐकवलंय. पण गावात आलं ते वरूनच आलं ना?

अण्णा आम्हाला रामभाऊ म्हाळगींचं उदाहरण द्यायचे. १९५७ ला मावळातून आमदार झालेले म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवायचे. कोणी मागितला नव्हता. कायदा नव्हता. अण्णा म्हणायचे, हा आपल्यातला आणि त्यांच्यातला फरक. १९९६ ला हवाला प्रकरणात आरोपपत्र दाखल झालं तेव्हा अडवाणींनी खासदारकी सोडली, निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही म्हणाले, आणि नाही लढवली. त्या दिवशी अण्णा मुद्दाम पारावर जाऊन बसले होते. ज्या पारावर लोक त्यांना उसावरून टोमणे मारायचे, त्याच पारावर. मोठ्याने पेपर वाचून दाखवला. त्याच वर्षी मे महिन्यात १३ दिवसांचं सरकार पडताना अटलजी लोकसभेत बोलले, आम्ही सगळे घरी टीव्हीपुढे होतो. पक्ष फोडून, सत्तेसाठी नवी आघाडी करून सत्ता हाती येणार असेल तर अशा सत्तेला मी चिमट्यानेही शिवणार नाही. अण्णांनी डोळे पुसले. तोट्यातली शेती, गेलेल्या पाटल्या, गट ऑफिसातलं ते हसणं, या सगळ्याचा हिशेब त्या एका वाक्याने चुकता झाला असं त्यांना वाटलं असणार. १९९९ ला एका मताने सरकार गेलं. एक मत. विकत मिळालं नसतं का? पण नाही घेतलं, आणि आम्ही मान वर करून हिंडलो.

आणि आता?

२०१४ ला देवेंद्रजींनी सांगितलं होतं, राष्ट्रवादीशी युती कधीही नाही, कधीही नाही, कधीही नाही. तीनदा. मी ते किती जणांना पाठवलं होतं! सिंचन घोटाळ्याचे पुरावे चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीकडे बैलगाडीतून नेले होते आपल्या नेत्यांनी. आमच्यासारख्यांनी ते घराघरात सांगितलं, कारण आम्हाला ते वेगळं पटवून द्यायची गरज नव्हती. कारखाना, बँक, पाटबंधारे हे सगळं एकाच घरात कसं राहतं ते आम्ही अंगावर भोगलेलं होतं. मग नोव्हेंबर २०१९ ची ती पहाट आली, राष्ट्रवादीच्या अजित पवारांबरोबरच्या शपथविधीची. त्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की शिवसेनेनं दगा दिला म्हणून हा डाव. दिला होताच दगा, त्याबद्दल माझं आजही दुमत नाही. पण २७ जून २०२३ ला पंतप्रधान भोपाळमध्ये राष्ट्रवादीवर सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप करतात आणि २ जुलैला राष्ट्रवादीचे नऊ जण आपल्या सरकारात मंत्रिपदाची शपथ घेतात, याची समजूत कशी घालायची? मधे आठवडाही गेला नाही हो.

फेब्रुवारी २०२४. संसदेत काँग्रेसच्या काळावर श्वेतपत्रिका मांडली गेली, त्यात मुंबईतल्या आदर्श सोसायटी प्रकरणाचाही उल्लेख. त्याच प्रकरणावरून २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलेले अशोकराव चव्हाण त्याच आठवड्याभरात पक्षात आले आणि राज्यसभेवर गेले. न्यायालयात काय व्हायचं ते होईल, तो माझा विषय नाही. आरोप खरे असतील तर त्यांना घेतलं कसं, आणि खोटे असतील तर इतकी वर्षं आम्हाला ते बोलायला का लावलं? दोन्हींपैकी एक उत्तर द्या. विरोधक 'वॉशिंग मशीन' म्हणतात तेव्हा मी आत्ता-आत्तापर्यंत भांडायचे. ऑफिसात भांडले, नात्यात भांडले. हल्ली गप्प बसते, कारण बोलायला काही ठेवलेलंच नाही तुम्ही.

हो, ठाऊक आहे. आता कोणीतरी कॉमेंटमध्ये १९७८ चं पुलोद आघाडीचं सरकार काढेल. जनसंघातून आलेले आपले लोक शरद पवारांच्या मंत्रिमंडळात बसले होते. बसले होते. आणीबाणीनंतरचा काळ वेगळा होता एवढंच म्हणेन, वाद घालणार नाही.

आणि सत्तेशिवाय ३७० गेलं असतं का, अयोध्येत मंदिर उभं राहिलं असतं का, हा दुसरा ठरलेला प्रश्न. नसतं राहिलं. ५ ऑगस्ट २०१९ ला मी पेढे वाटलेत. २२ जानेवारी २०२४ ला दारात रांगोळी घातली, अण्णांच्या फोटोपुढे निरांजन लावलं आणि रडले. ते माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि त्याचं श्रेय मी या नेतृत्वालाच देते. पण मला सांगा, ३७० काढायला आमच्या तालुक्यातले धाकटे साहेब लागले होते का? रामलल्लाच्या मंदिराच्या कोणत्या खांबाला त्यांचा आधार होता? दरवेळी मोठ्या गोष्टी पुढे करून ही असली माणसं मागच्या दाराने आत घेता आणि आम्ही दाराकडे बघितलं की म्हणता, मंदिर बघा.

तेच पैशाचं. जुलै २०२२ मध्ये मोदीजी फुकट वाटपाच्या रेवडी संस्कृतीविरुद्ध बोलले तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. शेवटी कोणीतरी स्पष्ट बोललं. दोन वर्षांत आपल्याच सरकारने लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० रुपये सुरू केले आणि निवडणुकीत २१०० चं आश्वासन दिलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणावेत असे पैसे आले, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे योजनेला वाईट म्हणवत नाही. पण मग दुसऱ्याने दिली की रेवडी आणि आपण दिली की सन्मान, हे मला म्हणायला लावू नका. मला तसं बोलता येत नाही. आमच्या घरात कर्ज काढून सण करत नसत.

थोडा वेळ थांबले होते. चहा घेतला. मघाशी जे लिहिलं ते परत वाचलं, खोडावंसं वाटत नाही.

मला खरा राग साहेबांचा नाहीच. त्यांना सत्ता हवी, ती जिथे असेल तिथे ते जाणार, त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. माझा राग आपल्या लोकांवर आहे. ज्यांनी शाखेत माझ्या भावाला पहाटे उठून यायला शिकवलं, ज्यांनी आमच्या घरी पिठलं-भाकरी खाऊन सतरंजीवर झोपून पक्ष वाढवला, त्यांच्यातलेच काही आज मला फोन करून 'शिस्त' शिकवतात. 'ताई, नेतृत्वाने विचार करूनच निर्णय घेतलाय.' दादा, शिस्त अण्णांना होती. उभा ऊस वाळताना बघून पुढच्या वेळी परत बुथवर बसण्याला शिस्त म्हणतात. त्या शिस्तीच्या मोबदल्यात पक्षाने फक्त एक गोष्ट द्यायची होती, की ज्याने ऊस अडवला तो कधी आपल्या डोक्यावर बसणार नाही. पद मागितलं नव्हतं अण्णांनी. नगरसेवकपदाचं तिकीट समोरून आलं तेव्हा दुसऱ्याला द्या म्हणाले. २०११ ला गेले, बहुमताचं सरकार बघायला राहिले नाहीत याचं मला फार वाईट वाटायचं.

शहराध्यक्षांचा मघाशी फोन येऊन गेला, म्हणून हेही लिहिते. ते म्हणाले, ताई, निवडून येण्याची क्षमता बघावी लागते. लोकसभेला २३ वरून ९ वर आलो तेव्हा डोळे उघडले, आता बेरजेचं राजकारण करावं लागतं. मी म्हटलं, त्या ९ च्या आधी बेरीज केली नव्हती का? सगळे तर आले होते तोवर. ते म्हणाले, मग विधानसभेला १३२ आल्या ते? आल्या. मीही त्यात मत घातलंय, आमच्या बुथची स्लिप न् स्लिप मी वाटली होती. पण त्या १३२ मध्ये पक्षाचे किती आणि पक्षात आणलेले किती, हे मोजायला कोणी बसत नाही. जिंकलो म्हणून पेढे येतात, आणि उघडून बघितलं तर आमदार तेच, ठेकेदार तेच, मागेपुढे फिरणारी पोरं तीच. फक्त झेंडा आपला. तालुक्यात सत्ता कोणाची बदलली मग?

तो माणूस वाईट नाही. शहराध्यक्ष. त्याचा आवाजही पडलेला होता. त्याला वरून यादी आली, त्याने वाचली. शेवटी म्हणाला, "ताई, मलाही अण्णा आठवले." मला त्याच्यावर ओरडता आलं नाही.

माझ्या नणंदेचा सल्ला असा की मुकाट्याने दुसऱ्या पक्षाला मत दे आणि विषय संपव. जमणार नाही. त्यांना देऊन काय? त्यांच्याकडे तर साहेबांचे चुलतभाऊ आहेत. १९८९ ला मतदानाचं वय १८ झालं आणि त्याच वर्षी माझं पहिलं मत पडलं, तेव्हापासून हात कधी दुसऱ्या चिन्हाकडे गेला नाही. लोकसभेला कमळ दिसलं तर पुढेही बहुधा तिथेच जाईल, मोदीजींकडे बघून. पण नगराध्यक्षाच्या मशीनवर कमळासमोर ते नाव असेल आणि त्या नावासमोरचं बटण मी दाबणार नाही. मला कोणी गद्दार म्हटलं तरी चालेल. हा शब्द आमच्या घराला लावायचा असेल तर आधी सातबारा घेऊन या, मी कोणत्या गटातला ऊस वाळला ते दाखवते.

तेव्हा आता कामाचं. पन्ना प्रमुख म्हणून माझ्याकडे असलेलं मतदारयादीचं पान मी उद्या सकाळी कार्यालयात परत देतेय. त्यावर कोण मयत, कोण मुंबई-पुण्याला, कोणाला रिक्षा लागते हे सगळं पेन्सिलीने लिहिलेलं आहे, ज्याला मिळेल त्याच्या उपयोगी पडेल. बुथवर मी बसणार नाही. प्रचारफेरीच्या याद्यांमध्ये माझं नाव घालू नका, बॅनरवर फोटो लावू नका. आमच्या प्रभागातल्या त्या मुलाने अपक्ष अर्ज भरलाय असं संध्याकाळी कळलं. त्याच्यावर माघारीसाठी दबाव येणार हे उघड आहे. आपल्यातले जे जुने आहेत त्यांनी माघारीच्या मुदतीपर्यंत त्याच्या घरी जाऊन बसा, निदान त्याला एकटं वाटू देऊ नका. मी उद्या पान परत देऊन तिथेच जातेय.